शून्य आणि पाच

कॉलेजचा लॅपटॉप चालू व्हायला नऊ मिनिटं घ्यायचा. मी घड्याळ लावून मोजली होती. त्या नऊ मिनिटांत मी हजेरी घ्यायचे, फळा पुसायचे, खिडकीची तुटकी कडी दोरीने बांधायचे, तरी पडद्यावर तो पांढरा गोल फिरतच असायचा. एकेकाळी असे पंचवीस लॅपटॉप कुठल्याशा योजनेतून आले होते. चोवीस गेले आणि हा उरला. तो चांगला होता म्हणून उरला असं नव्हे, त्याला मरायलाही वेळ लागत होता इतकंच.

मी सांख्यिकी शिकवते, तासावर. अभ्यासक्रमात लिहिलंय की प्रात्यक्षिकं संगणकावर घ्यावीत. कोणत्या संगणकावर, ते लिहिलेलं नाही. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण त्याचं नेहमीचं रंगीत रूप या मशीनवर उघडलं की मशीन जागच्या जागी बसायचं, अडेलतट्टू बैलासारखं. एका सुट्टीत मी त्यातलं सगळं काढून टाकलं. कुणीतरी भरलेली गाणी, खेळ, मागचं डोंगराचं चित्र, सगळं. एक जुनी हलकी प्रणाली बसवली. आता काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम टाइप करायचा आणि खाली पांढऱ्या अक्षरांतच उत्तर यायचं. खालून हवा मिळावी म्हणून लॅपटॉप दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवायचा. वीज अकरा ते तीन बंद, माझा तास बाराचा, बॅटरी चाळीस मिनिटांची. विद्यार्थी एकोणीस आणि पडदा दीड वितीचा. पाच-सहा जणांना पुढे घ्यायचं, उंच पोरांना मागे उभं करायचं आणि बाकीच्यांना वहीत आकडेमोड द्यायची. असं दीड वर्ष चाललं होतं. घरी जाताना माझी मान इतकी आखडलेली असायची की कुणी हाक मारली तर अख्खं अंग वळवावं लागायचं.

सरावाला आकडे हवे असतात. पुस्तकात कुठल्याशा परदेशी फुलांच्या पाकळ्यांची मापं होती. एका मुलाने विचारलं, "बाई, या पाकळ्या मोजल्या कुणी, आणि त्याला दुसरं काम नव्हतं का?" वर्ग हसला, मीही हसले. मग मनात आलं, मोजणारा माणूस तर आपल्या घरातच आहे.

माझे वडील, अप्पा, पाणी कार्यालयाचे मोजणीदार. आजूबाजूच्या बारा विहिरींवर आठवड्यातून एकदा जायचं, टेप सोडायची आणि काठापासून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं, हे काम ते चोवीस वर्षं करत होते. टेप पोलादी, तिच्या टोकाला शिशाचं वजन. शेवटच्या मीटरभर टेपेला खडू घासायचा, पाण्यात सोडायची, वर ओढायची आणि खडू कुठवर भिजला ती रेघ वाचायची. खडू माझ्या कॉलेजातले. लोक त्यांना टेपवाले म्हणत. पाणी कार्यालयातले साहेब म्हणायचे की विहीर एखाद वेळी खोटं बोलेल, टेपवाले बोलणार नाहीत.

"सेंटीमीटर सोडायचा नाही" हे अप्पांचं ठरलेलं वाक्य. घरातसुद्धा तेच. तेलाची बाटली किती उतरली ते त्यांना बोटांनी मोजून सांगता यायचं. मला बघायला आलेल्या एका मुलाला त्यांनी उंची विचारली. तो म्हणाला, साडेपाच फूट असेल. अप्पा म्हणाले, असेल म्हणजे? माझं लग्न तिथेच अडलं असं आई सांगते. माझी तक्रार नाही, तो मुलगा खरंच पाच-तीन होता.

नोंदवह्या मागितल्या तेव्हा अप्पांनी त्या जुन्या धोतराच्या कापडात बांधून स्वतः कॉलेजात आणून दिल्या. वर्गात उभं राहून टेप कशी सोडतात ते दाखवलं, फळ्यावर खडूची रेघ काढून ती कशी वाचायची ते सांगितलं. मुलं एकदम शांत बसून ऐकत होती, माझ्या तासाला अशी कधी बसली नव्हती. मग महिनाभर एकेकाने पाळीपाळीने पंधरा-पंधरा मिनिटं बसून ते आकडे लॅपटॉपमध्ये भरले. काम संपलं तेव्हा मी घरी सांगितलं. अप्पांनी विचारलं, किती जागा लागली? मी म्हटलं, काहीच नाही, एका फोटोपेक्षाही कमी.

"चोवीस वर्षं?"

"हो."

"बरं," असं म्हणून ते ताटावरून लवकर उठले. आई माझ्याकडे बघत राहिली. मला जरा मोठी फाइल सांगता आली असती.

त्या वर्षी पाऊस अर्ध्यावरच तोंड फिरवून गेला होता. उन्हाळा लागायच्या आतच विहिरी खाली चालल्या होत्या. कार्यालयाचा नियम सोपा होता. ज्या वस्तीच्या विहिरीचं पाणी काठापासून सोळा मीटरच्या खाली जाईल, तिला पुढच्या आठवड्यापासून टँकर. नदीपलीकडच्या दोन वस्त्यांना टँकर सुरूही झाला होता. वरच्या वस्तीला नाही. वरची वस्ती म्हणजे टेकडीमाथ्यावरची चाळीसेक घरं, सगळी खाणीत दगड फोडणारी माणसं. ती दोनदा कार्यालयात येऊन गेली, म्हणाली विहिरीत भांडं बुडत नाही. साहेबांनी वही उघडून दाखवली. चौदा मीटर दहा. लोक म्हणाले, मोजायला कुणी आलेलं दिसलं नाही. साहेब म्हणाले, तुम्ही दुपारी खाणीत असता, टेपवाले दुपारी येऊन जातात. विषय संपला.

त्या वस्तीतली एक मुलगी माझ्या वर्गात होती. मुलं तिला 'वरची' म्हणायची, हळूहळू मीही म्हणायला लागले. पहाटे ओढ्यावर उतरून दोन खेपा पाणी वर न्यायचं आणि मग पुन्हा उतरून कॉलेजात यायचं, असा तिचा दिवस. वर्गात ती ताठ बसून झोपायची, डोळे अर्धे उघडे ठेवून. पहिल्यांदा मी रागावले. मग तिच्या डोक्यावर मधोमध केस विरळ झालेली जागा दिसली, जिथे भांडं टेकतं तिथे. त्यानंतर मी तिला झोपू देत असे. आकडे भरायची वेळ आली तेव्हा तिने आपल्याच वस्तीची विहीर मागून घेतली होती.

मला आलेख शिकवायचे होते. चित्राचा हुकूम दिला की लॅपटॉप थिजायचा. तीन दिवस तीनदा थिजला, आणि प्रत्येक वेळी पुन्हा ती नऊ मिनिटं. शेवटी मी चित्राचा नाद सोडला. जुन्या लोकांनी काढलेली एक युक्ती आहे, तिला चित्र लागत नाही, नुसते आकडे पुरतात. समजा माप १३.८७ असेल, तर १३.८ हे खोड आणि शेवटचा ७ हे पान. खोडं एकाखाली एक लिहायची आणि प्रत्येकापुढे त्याची पानं ओळीने मांडायची. जिथे पानं जास्त तिथे ओळ लांब. काळ्या पडद्यावर हे आरामात होतं. गरिबाचा आलेख, असं मी मुलांना सांगितलं.

आधी ओढ्याकाठची विहीर घेतली, गेली दोनच वर्षं, म्हणजे पडद्यात मावेल. ओळी उतरल्या. पानांत एक होता, चार होते, सात, नऊ, शून्य, सगळे होते, कसेही विखुरलेले. मी सांगितलं, बघा, खरं मोजमाप असं असतं, शेवटचा आकडा कुणाचं ऐकत नाही. आपल्याच वाक्यावर मी खूश झाले. मग वरची पुढे आली होती म्हणून तिची विहीर घेतली.

एका ओळीपुढे शून्य शून्य पाच. दुसरीपुढे शून्य पाच पाच पाच. तिसरीपुढे शून्य शून्य शून्य पाच. ओळी उतरत गेल्या आणि प्रत्येक ओळीत तेच. मी दोन्ही हात टेबलावर टेकले. चोवीस वर्षं ज्या माणसाने सेंटीमीटर सोडला नाही, तो एका विहिरीवर दोन वर्षं फक्त शून्य आणि पाच लिहील, हे मशीनची चूक म्हणून खपवावं असं मला फार वाटलं.

"बाई, आमच्याच विहिरीला शून्य आणि पाचच का आहेत?" वरचीने विचारलं. ती पूर्ण जागी होती.

मी म्हटलं, भरताना काही गडबड झाली असेल. ती म्हणाली, मीच भरलंय. मी म्हटलं, मग मोजताना जवळचा आकडा धरला असेल. मागचा एक जण म्हणाला, पण टेपवाले तर म्हणाले होते सेंटीमीटर सोडायचा नाही. मी लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि म्हटलं, बॅटरी गेली. झाकणाच्या कडेला हिरवा दिवा जळत होता. वरचीने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि जागेवर जाऊन बसली. शिकवायला लागल्यापासून मला वर्गात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुपारी वीज आल्यावर मी एकटी बसले. बाराही विहिरी तपासल्या. अकरा ठीक. वरच्या विहिरीचे जुने बावीस वर्षांचे आकडेही ठीक, पानं विखुरलेली. मग तिच्या आकड्यांतून ओढ्याकाठच्या विहिरीचे आकडे वजा केले. लॅपटॉप गरम होऊन घुरघुरत होता. बावीस वर्षं उत्तर सव्वादोन ते अडीच मीटरच्या आत हलत होतं, आणि शेवटची दोन वर्षं सरळ दोन मीटर तीसच्या आसपास चिकटून बसलं होतं. म्हणजे अप्पा खालची विहीर मोजत होते, त्यात दोन मीटर तीस मिळवत होते आणि वरची लिहीत होते. मी वर्गात जे अंदाज म्हणून शिकवते तेच, नुसतं वर न जाता.

घरी आले तर अप्पा कार्यालयातून यायचे होते. आई पायरीवर बसून तेल कोमट करत होती, रोज त्यांच्या गुडघ्याला चोळायचं ते. मी तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. ती वाटीत बोट बुडवून बघत होती, गरम झालं का ते.

"तुझ्या त्या डब्याला एवढं कळतं," ती म्हणाली, "आणि मला दोन वर्षं कळत नव्हतं वाटतं?"

"तुला माहीत होतं?"

"चपलेला वरची लाल माती लागली नाही तर बाईमाणसाला कळतं. चपला मीच पुसते."

मग तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी चढावर पाय घसरला, गुडघा फिरला. कुणाला बोलले नाहीत, कारण सगळ्या विहिरींवर चालत जाता येत नाही तो मोजणीदार नाही, असा नियमच आहे. अर्ध्या चढावर वळणाशी बसायचे, डबा खायचे, आकडा लिहायचे आणि उतरायचे. सात महिन्यांनी निवृत्ती. तेवढे सात महिने गप्प बस, असं आई म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, तिथे लोकांना पाणी नाही. तिने तेलाची वाटी खाली ठेवली. म्हणाली, मला काय ते माहीत नाही? पण मी तुझ्या वर्गात शिकले नाही, मला नवराच सांभाळता येतो.

त्या दिवशी मी अप्पांना काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते जेवायला समोर बसायचे आणि मी ताटात बघायचे. त्यांचा राग येत होता आणि त्यांची कीवही येत होती, दोन्ही एकदमच. कॉलेजात मी त्या धड्यावरून पुढच्या धड्यावर उडी मारली. वरची वर्गात येत होती, पण आता झोपत नव्हती. तिसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलाशी आली आणि वही उघडून ठेवली. तिने दोन वर्षांचे सगळे आकडे हाताने मोजले होते. एकशे चार नोंदी. शून्य अठ्ठावन्न, पाच सेहेचाळीस, बाकी काही नाही.

"बाई, मला फक्त विचारायचंय," ती म्हणाली, "माझं मोजणं बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, बरोबर आहे. ती म्हणाली, परवा आमची माणसं पुन्हा कार्यालयात जाणार आहेत, तिसऱ्यांदा. ही वही मी त्यांना दिली नाही. देऊ का, ते तुम्ही सांगा. एवढं बोलून तिने वही पुन्हा पिशवीत घातली. तिला माहीत होतं की टेपवाले माझे वडील आहेत. सगळ्यांनाच माहीत होतं. तिला वही सरळ नेऊन देता आली असती, आणि दिली असती तर तिचं काही चुकलं नसतं. ती मला विचारायला आली होती, म्हणून मला पळवाट उरली नाही.

संध्याकाळी अप्पा अंगणात टेप पुसत बसले होते. रोज फडक्याला तेल लावून सगळी टेप पुसायची, गंज धरू नये म्हणून. मी समोर बसले आणि टेपेचं मोकळं टोक हातात धरलं, लहानपणी धरायचे तसं. मग म्हटलं, अप्पा, वरच्या विहिरीला शून्य आणि पाचच आहेत.

त्यांचा हात थांबला नाही. बराच वेळ ते पुसत राहिले. टेप माझ्या हातातून सरकत होती.

"मशीनने सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मशीनने मांडलं. त्या वस्तीतल्या मुलीने विचारलं."

त्यांनी मान हलवली. मग हळूहळू बोलले. पहिल्या वेळी गुडघा सुजला होता म्हणून अंदाजाने लिहिलं. पुढच्या आठवड्यात लंगडत जाऊन बघितलं, तर पाच सेंटीमीटरचा फरक. बावीस वर्षं ती विहीर ओढ्याकाठच्या विहिरीच्या मागे दोन मीटर तीस चालत आली होती. न जाताही कळत होतं तर कशाला जायचं, असं वाटलं. त्याच वर्षी पलीकडच्या बाजूने खाण रुंद झाली. झरा फुटून दुसरीकडे गेला असणार. ते मला खालून दिसलं नाही, असं ते म्हणाले.

मला एकच गोष्ट कळत नव्हती. मी म्हटलं, अप्पा, तुम्हाला तीन-सात-नऊ काहीही लिहिता आलं असतं. कुणालाच कधी कळलं नसतं. शून्य आणि पाच का लिहिलं?

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी काहीतरी वाईट शब्द बोलले होते.

"बघितला नाही तो सेंटीमीटर कसा लिहायचा?" ते म्हणाले.

दोन वर्षं या माणसाने दर आठवड्याला खोटं लिहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी सेंटीमीटरपाशी येऊन त्याचा हात थांबला होता. मीटर खोटा लिहवला, पण सेंटीमीटर खोटा लिहवला नाही. आणि त्या शून्य-पाचांनीच अप्पा पकडले गेले.

"ते लोक दोनदा आले तेव्हा तुम्ही कार्यालयात होता?" मी विचारलं.

"दुसऱ्या वेळी होतो. कपाटाशी उभा होतो, पाठ करून." फडक्याची घडी करत म्हणाले, "साहेब म्हणाले, टेपवाल्यांचा आकडा आहे. मी वळलो नाही."

मी सांगितलं, ते परवा पुन्हा जाणार आहेत. अप्पांनी टेप गुंडाळून खिळ्याला अडकवली. आईला हाक मारून म्हणाले, उद्या डबा दोघांचा भर. उद्या सुट्टीचा दिवस होता, खाण बंद. आई म्हणाली, सुट्टीच्या दिवशी वर सगळी माणसं असतील. अप्पा म्हणाले, म्हणूनच.

सकाळी सातला निघालो, चढाशी पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. आईने गुडघ्याला कापड घट्ट बांधून दिलं होतं. ती दारापर्यंत आली आणि तिने नोंदवही माझ्या पिशवीत नीट बसली की नाही ते चाचपून बघितलं. खालचा रस्ता अप्पा चालले. चढ लागल्यावर दर वीस-पंचवीस पावलांना थांबायला लागले. दुखरा पाय आधी वर ठेवायचा की दुसरा, हे त्यांचं ठरेना. मी हात पुढे केला की म्हणायचे, टेप धर. मग मी टेप धरली, चार किलोची असेल, आणि मला कळलं की चोवीस वर्षं हा माणूस हे ओझं काखेत घेऊन बारा विहिरी फिरतोय आणि मी त्याला फक्त खडू आणून दिले. पायाखाली सुटे दगड होते. एकदा ते दोन्ही हातांवर आपटले. तळहाताला लागलेली लाल माती त्यांनी झटकली नाही, तसेच उठले.

वळणावर एक सपाट दगड होता. इथे बसायचो, एवढं ते म्हणाले. इथून वस्तीची पहिली घरं दिसत होती, दहा मिनिटांचा चढ उरला होता. मला वाटलं ते बसतील, पण ते बसले नाहीत.

विहीर वस्तीच्या अलीकडे आहे. आम्हाला बघून आधी मुलं आली, मग बायका, मग पुरुष. बघता बघता पंचवीस-तीस माणसं काठाभोवती उभी राहिली. वरची होती, तिने मला बघून नुसती मान हलवली. एका म्हाताऱ्याने विचारलं, आज सगळ्यांदेखत कसे काय? अप्पा टेपेची गुंडाळी सोडू लागले. त्यांनी टेपेला खडू घासला, वजन काठावरून सोडलं आणि टेप बोटांतून जाऊ दिली. ती जात राहिली, जात राहिली. चौदा गेले. पंधरा गेले. सोळावा मीटर गेला तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला आणि पुन्हा बघितला नाही. बऱ्याच खालून बारीक आवाज आला. त्यांनी टेप ओढून घेतली, ओली रेघ डोळ्यांजवळ धरली, एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली.

"लिही," ते मला म्हणाले. "सतरा मीटर, त्रेचाळीस."

मी लिहिलं. आकडा वस्तीला नवा नव्हता. टँकर येणार हे सगळ्यांना कळलं होतं, पण तोंडावर आनंद कुणाच्याच नव्हता, थकलेल्या माणसाला उशिरा निरोप मिळावा तसे सगळे उभे होते. अप्पांना घाम सुटला होता, ओठ पांढरे पडले होते, तोल जाऊ नये म्हणून त्यांनी काठाचा दगड धरला होता. वरचीची आई घरात गेली आणि पेला भरून घेऊन आली. पाणी गढूळ होतं, तळाशी मातीचा थर.

"घ्या," ती म्हणाली. "विहिरीत चौदा मीटरवर पाणी आहे असं तुम्हीच लिहिलंय ना? मग घ्या की."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. अप्पांनी पेला घेतला आणि एका दमात संपवला, तळाच्या मातीसकट. मिशीवरून पाणी ओघळलं तेही पुसलं नाही. रिकामा पेला हातात धरून ते म्हणाले, "पुढे शेऱ्याचा रकाना आहे. त्यात लिही. या विहिरीच्या मागच्या दोन वर्षांच्या नोंदी मोजणीदाराने प्रत्यक्ष न येता केल्या आहेत. त्या खोट्या आहेत."

मी लेखणी टेकवली आणि थांबले. हे लिहिलं की सात महिने राहिले बाजूला, उद्याच त्यांची टेप जमा होणार, आणि गावात टेपवाले म्हणून कुणी हाक मारणार नाही. मी हळूच म्हटलं, अप्पा, आकडा लिहिलाय, टँकर येईल, तेवढं पुरे आहे. ते म्हणाले, शब्द गाळू नकोस. मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. मी लिहिलं आणि वाचलं. 'खोट्या' या शब्दाशी माझा आवाज फाटला. त्यांनी वही घेतली, काठाच्या दगडावर ठेवून खाली सही केली. त्या सहीला त्यांना फार वेळ लागला.

माणसं तशीच उभी होती. कुणीतरी शिवी देईल, निदान हसेल, असं मला वाटत होतं. तो म्हातारा घसा खाकरून बाजूला थुंकला आणि निघून गेला. वरचीच्या आईने अप्पांच्या हातातला पेला काढून घेतला. मला वाटलं आता ती आत जाईल. ती आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा पेला पुन्हा भरलेला होता. या वेळी वरवरचं निवळलेलं पाणी घेतलेलं होतं, तळाला माती नव्हती. अप्पांच्या हातात पेला ठेवून ती बाजूला उभी राहिली.

पहिला पेला त्यांनी एका दमात संपवला होता. दुसरा दोन्ही हातांत धरून ते काठावर बसून राहिले, आणि तो काही त्यांच्याने पिववेना.